वीसच्या पुढे काटा नाही

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ह्यांनी गाडीला हात लावला नव्हता. मुलांनी तर बंदीच घातलेली. परवा मालवणात मात्र ह्यांनी भाड्याने मोटरसायकल घेतली आणि मी मुकाट्याने मागे बसले.

आधी बंदरावर थांबलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग, १६६४ साली पाया घातलेला. होडीत चढणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून धक्क्यावरूनच नमस्कार केला. मग तारकर्लीवरून देवबाग. तिथे जमिनीची नुसती पट्टी. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र. संगमापाशी पुष्कळ वेळ बसलो.

परत निघताना हे म्हणाले, "खांद्याला धरून बस गं."

"का, भीती वाटते?"

"हो."

पन्नास वर्षांच्या संसारात हे उत्तर पहिल्यांदाच ऐकलं. घट्ट धरून बसले.

मुलांनो, रागावू नका. वीसच्या पुढे काटा गेला नाही!