काटकसर आणि यतना

फेस जितका अधिक, तितके भांडे स्वच्छ, हा समज आपल्या स्वयंपाकघरात फार जुना आहे. हाताने भांडी घासताना तो खपून जातो. डिशवॉशरमध्ये मात्र तोच अनर्थाला कारण होतो.

अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या गृहिणीने १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. तिच्या यंत्रात भांडी घासली जात नसत, पाण्याच्या जोरावर धुतली जात. आजही तत्त्व तेच आहे. म्हणून या यंत्राची पावडर वा टिकडी फेस जवळजवळ करीतच नाही. तिच्यातील क्षार तेलकटपणा सोडवतात, एन्झाइम अन्नाचे चिकटलेले कण मोकळे करतात. हाताने घासण्याच्या द्रवसाबणात मात्र फेस आणणारे घटक भरपूर असतात. तो यंत्रात गेला की पंपात पाण्याबरोबर हवा शिरते, फवाऱ्यांचा जोर ओसरतो आणि फेस दारातून बाहेर येतो.

पुण्यातील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी नेमके हेच घडले. सूनबाई माहेरी गेल्या होत्या आणि टिकड्या संपल्या होत्या. नव्या महाग टिकड्या कशाला, म्हणून शेठजींनी मोरीजवळचा द्रवसाबण यंत्रात ओतला. थोड्याच वेळात फरशीवर फेस पसरला. त्यांनी पुन्हा पुन्हा पाणी सोडले. फेस वाढतच गेला. शेठाणी दारात उभ्या होत्या. पाणी गाळून, मोजून वापरण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. अप्काय जीवांची विराधना त्यांना पाहवेना. "टिकडीचे पैसे वाचले. या पाण्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार?" एवढेच त्या म्हणाल्या. शेठजी निरुत्तर झाले.

सूनबाईंनी फोनवर उपाय सांगितला. आधी वीज बंद करावी, यंत्र निवू द्यावे. फेस वाटीने व फडक्याने काढून टाकावा. उरलेल्यावर मूठभर मीठ किंवा थोडे व्हिनेगर शिंपडले की फेस बसतो. मग तळाचे पाणी उपसून, एकदा साध्या पाण्याने यंत्र खळबळून घ्यावे. पाणी मृदू करण्याच्या कप्प्यात मात्र घरचे आयोडीनयुक्त मीठ कधीही घालू नये.

शेठाणींचा यंत्राला मुळातच विरोध होता. उष्टे भांडे दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, तसेच राहिले तर त्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, ही त्यांची श्रद्धा. यंत्र भरेपर्यंत भांडी साठविणे त्यांना कसे रुचावे? सूनबाई परतल्यावर सासू-सुनांनी मार्ग काढला. थाळी धुऊन ते पाणी पिण्याची रीत घरात होतीच. आता प्रत्येकाने आपली थाळी धुऊन, पुसून कोरडी करूनच यंत्रात ठेवायची आणि चौविहारानंतर यंत्र एकदाच चालवायचे, असे ठरले. वर्षभराची धुसफूस एका संध्याकाळी मिटली.

शेठजींची काटकसर प्रामाणिक होती, पण ती यतना नव्हती. कमी खर्च करणे ही काटकसर. काय, कोठे आणि किती वापरावे याचे भान ठेवणे ही यतना. आता द्रवसाबणाच्या बाटलीवर शेठजींच्या वळणदार अक्षरातील चिठ्ठी आहे : 'फक्त हाताने घासण्यासाठी.'