सांता मारिया मोहल्ल्यातले कालवण

जवळजवळ चहूबाजूंनी अटलांटिक महासागराने वेढलेल्या काडिझ शहरात यजमानांच्या नोकरीच्या निमित्ताने बिऱ्हाड थाटल्यापासून मला मासळीची वाण कधी पडली नाही. 1838 साली एका जुन्या मठाच्या आवारात उभारलेल्या तिथल्या मध्यवर्ती मंडईत माकुल, मुशी, पाकट, कोळंबी, शिंपले अशी, मिरकरवाड्याच्या बंदरावर बालपणापासून परिचित झालेली सारी जलसृष्टी रोज सकाळी मांडलेली असते. वाण पडली ती कोकमाची, तिरफळाची आणि ओल्या नारळाची. त्यांच्यावाचून माशाला न्याय कसा द्यावा या विवंचनेत मी असताना आमच्याच इमारतीतील एका वृद्ध हितानो शेजारणीने मला आपल्या स्वयंपाकघरात बोलावले, आणि तिच्याकडून जे तिखट कालवण मी शिकले ते आता माझ्या घरी बारमाही शिजते.

हितानो म्हणजे स्पेनमधले रोमा लोक. काडिझच्या जुन्या वेशीलगतचा सांता मारिया हा त्यांचा पूर्वापार मोहल्ला. फ्लामेंको गायकीला नवे वळण देणारा आणि पोटासाठी कत्तलखान्यात राबणारा एन्रिके एल मेयिसो (1848–1906) इथलाच, आणि माझ्या शेजारणीचा जन्मही इथलाच. त्यांच्या समाजात वडीलधाऱ्या स्त्रीस, आपण मावशी म्हणतो त्याप्रमाणे, ‘तिआ’ म्हणण्याची रीत आहे. मीही तिला तसेच म्हणू लागले.

तिआच्या पद्धतीत आरंभ माकुलापासून होतो. किलोभर ताजे माकुल घेऊन, त्यातील पांढरे कवच आणि शाईची पिशवी हलक्या हाताने काढून, त्याचे दोन बोटे रुंदीचे तुकडे बाजूला ठेवावयाचे. मग जाड बुडाच्या पातेल्यात ऑलिव्हचे तेल सढळ हाताने ओतून त्यात कांदा, लसूण आणि लांबट हिरवी गोडी मिरची इतक्या मंद आचेवर परतावयाची, की अर्धा तास लोटला तरी कांद्याला करपल्याचा डाग लागू नये. या अर्ध्या तासात तिआ कोणतीही सवलत देत नसे, आणि माझ्या मते कालवणाचा सारा भार ह्याच परतण्यावर आहे. त्यानंतर किसलेले टोमॅटो, लॉरेलचे एक पान आणि दोन-तीन सुक्या, तिखटजाळ मिरच्या अख्ख्याच. टोमॅटोचे पाणी आटून तेल सुटले म्हणजे पातेले क्षणभर खाली उतरवून चमचाभर पिमेंतोन घालावयाची. एस्त्रेमादुरा प्रांतातील ला व्हेरा भागात ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची ही पूड तापल्या तेलात निमिषात जळते आणि कडवटते, म्हणून ही खबरदारी. मग माकुल, पेलाभर सान्लूकारची कोरडी मान्सानिया मदिरा, बुडेल इतके पाणी, आणि सुमारे पाऊण तासाचा संयम.

बटाटे मात्र सुरीने साफ कापावयाचे नाहीत. सुरी अर्ध्यापर्यंत घालून मनगटाच्या हिसक्याने फोड मोडून काढावयाची, म्हणजे त्या खडबडीत कडेतून पिष्ट रश्श्यात उतरते आणि पिठाची कणीही न लावता त्याला दाटपणा येतो. बटाटे शिजेतो तिआ पितळी खलात वाटण करी: तळलेले बदाम, तळलेला शिळा पाव, तळलेली लसूण, केशराच्या चार काड्या. नाताळच्या दिवसांत हाच खल हेरेसच्या अंगणांतून गाण्याच्या साथीला वाजतो, त्यामुळे तिच्या हाताला वाटतानाही एक निश्चित ठेका होता. वाटण रश्श्यात मिसळल्यावर मुशीचे तुकडे, आणि शेवटल्या चार मिनिटांत कोळंबी व मिठाच्या पाण्यात वाळू सोडवलेले शिंपले. मिठाची चव शिंपले उघडल्यानंतरच पाहावयाची, कारण ते आपल्याबरोबर समुद्र घेऊन येतात. सरतेशेवटी पुदिन्याची एक डहाळी वर ठेवून झाकण.

आमच्याकडे येणारे मराठी पाहुणे हे कालवण चाखले की आनंदाने म्हणतात, “अहो, ही तर आपलीच आमटी! शेवटी ते लोक आपल्याकडचेच ना!” त्यांचे अगत्य मला कळते, आणि भाषाशास्त्राच्या पुराव्याने रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून निघाले हे सिद्धच आहे; तथापि या तिखटावर आपण वारसाहक्क सांगावा हे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते. ते पूर्वज निघाले तेव्हा आपल्या देशात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटाही नव्हता. कोलंबसाची दुसरी सफर 25 सप्टेंबर 1493 रोजी याच काडिझ बंदरातून निघाली, तिच्याबरोबर गेलेल्या डॉक्टर चांका यांनी पलीकडच्या बेटांवरील मिरचीविषयी लिहून ठेवले, आणि पुढच्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून तीच मिरची गोव्याच्या किनाऱ्याला लागली. तेव्हा तिआच्या पूर्वजांना आणि माझ्या पूर्वजांना तिखट ठाऊक झाले ते एकमेकांपासून हजारो कोसांवर, आपापल्या अंगणात.

आणि जे अंगण त्यांनी आपले केले, ते त्यांना कोणी सुखासुखी दिलेले नाही. 1425 मध्ये आरागॉनच्या राजाने त्यांच्यातील एका प्रमुखास प्रवासाची सनद दिली खरी. परंतु 1499 च्या फर्मानाने त्यांना 60 दिवसांची मुदत घातली, की तेवढ्यात एखादा धनी पत्करा वा स्थिर धंदा धरा, नाहीतर 100 फटके आणि हद्दपारी. 30 जुलै 1749 रोजी तर सरकारच्या हुकुमाने देशभर एकदम धरपकड सुरू होऊन सुमारे 9,000 हितानो कैद झाले. बायकामुले पुरुषांपासून तोडली गेली आणि पुरुषांना नौदलाच्या गोद्यांत वेठीस धरले गेले. त्यांतील ला कार्राकाची गोदी काडिझच्याच उपसागरात आहे. अखेरच्या कैद्यांची सुटका 1765 साली झाली. जप्ती आणि हद्दपारीच्या छायेत पिढ्यानुपिढ्या जगलेल्या समाजाने ज्या शहरात आपले पातेले चुलीवर टिकवले, त्या शहराचाच हा पदार्थ आहे, आणि त्या समाजाचा आहे. मी पाहुण्यांना हे सविस्तर सांगते. एकदोघांना जेवताना इतिहास नकोसा वाटला असेल, त्याला माझा इलाज नाही.

एकदा मी पातेल्यात थोडे आले आणि धने घालण्याची परवानगी विचारली. “मुली,” तिआ म्हणाली, “तुझ्या घरी तू काहीही घाल; मग त्याला तुझे नाव दे.” तो निवाडा मला मान्य झाला, आणि तेव्हापासून धने-आले माझ्या कोकणी कालवणात जातात, यात नाही. हे कालवण मी भाताबरोबरही वाढीत नाही. सोबत जाड सालीचा पाव असतो, आणि तो रश्श्यात बुडवून हातानेच खावा असा माझा आग्रह असतो. उरलेल्या रश्श्यात दुसऱ्या दिवशी पाणी वाढवून काडिझचे लोक जाड शेवया शिजवतात. त्या शेवयांसाठी मी मंडईत माकुल मुद्दाम थोडे अधिकच घेते.