बीट कुणाची?

2019च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' लागला आणि 'अपना टाईम आयेगा' गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे वाजलं. रणवीर सिंग सगळ्यांना आठवतो, रॅप ऐकणाऱ्यांना रॅपर डिव्हाईनही. पण या गाण्याच्या संगीतात डिव्हाईनच्या जोडीला डब शर्मा होता, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याआधी, 2015 साली, डिव्हाईन आणि नेझीच्या 'मेरे गली में'ची बीट बनवली दिल्लीच्या 'सेझ ऑन द बीट'ने. गाणं मात्र मुंबईच्या गल्लीचं म्हणूनच गाजलं.

हिप-हॉपचा प्रोड्यूसर म्हणजे सिनेमासारखा पैसे लावणारा नव्हे. ताल, बास, चाल, जुन्या गाण्याचा उचललेला तुकडा हे सगळं बहुतेकदा तो एकटा जुळवतो, तीच बीट. पुण्याच्या एमसी स्टॅनसारखे काही जण रॅप आणि बीट दोन्ही स्वतःच करतात, आणि मग नावाचा प्रश्नच उरत नाही. बाकीच्यांचा उरतो.

श्रेयातल्या या नावापायी एक गाजलेलं भांडण थेट आपल्या लतादीदींच्या आवाजावरून झालं. 1981च्या 'ज्योती' चित्रपटात बप्पी लाहिरींनी त्यांच्याकडून 'थोडा रेशम लगता है' गाऊन घेतलं होतं. लॉस एंजेलिसच्या डीजे क्विकने त्याचा तुकडा उचलला, त्याखाली जाड बास घातला आणि 2002 साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' तयार झालं. रॅपर राकिम सोबतीला, कंपनी डॉ. ड्रेची. गाणं अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचलं. श्रेयात लाहिरींचा पत्ता नव्हता. ते कोर्टात गेले, आणि 2003 साली तिथल्या कोर्टाने त्यांचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकायला मनाई केली. कानाने क्विक पक्का. तो तुकडा ऐकताक्षणी त्यातली नशा ओळखणं सोपं नव्हतं. पण कान चांगला म्हणून चोरी माफ होत नाही.

याउलट ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाने 2005 साली आशाताईंच्या दोन गाण्यांवर, 'अपराध' आणि 'डॉन'मधल्या, आपलं गाणं उभारलं. त्याला ग्रॅमी मिळालं आणि मूळ संगीतकार कल्याणजी-आनंदजींची नावं श्रेयात राहिली.

आता बीट आपल्या यवतमाळात कशी बनेल ते पाहू. शेजारच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '100 आरबीएच' (वाचा: सौ-रभ) या नावाने वऱ्हाडीत रॅप करतो, त्यामुळे आपल्या बोलीला ताल पेलत नाही ही सबब संपली.  इथल्या पोराला बीट बनवायची तर एक बरा लॅपटॉप, एक हेडफोन आणि एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर पुरतं. कच्चा माल तर दाराशी आहे. केळापूर-झरीकडे गोंड-कोलामांच्या ढेमसा नाचात ढोल वाजतो, तसा ठोका कुठल्याही तयार साउंड पॅकमध्ये सापडणार नाही. फक्त तो फोनवर रेकॉर्ड करताना ढोलाच्या तोंडाशी धरू नका, आवाज फाटतो. चार पावलं मागे, थोडं तिरकं उभं राहा.

मात्र पारंपरिक ठेका कुणा एकाचा नसला, तरी वाजवणाऱ्याच्या त्या वादनावर कायद्याने त्याचा हक्क असतो. त्याची परवानगी घ्या, नाव लिहा, पैशातला वाटा आधीच ठरवा. आणि स्वतःचंही तसंच. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क राखला आहे. ती गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. तिचं सभासदत्व घ्या. नेटवरून घेतलेली बीट बहुतेकदा भाड्याची असते आणि तीच आणखी दहा जणांकडे असू शकते, तेव्हा अटी वाचल्याशिवाय तिच्यावर गाणं काढू नका. मित्राच्या रॅपला बीट द्याल तेव्हा कुणाचा किती टक्के हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि हे सगळं गाणं अपलोड करायच्या आधी.