अंगणाचा पाया

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं. स्वतःच्या दारापुढे मात्र तेच विसरलो, आणि त्याची किंमत हिला मोजावी लागली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात फाटकापासून दारापर्यंतची वाट मी स्वतः केली. इथे कारागीर महाग. शिवाय ब्लॉक मांडायला काय लागतं, ही प्राध्यापकी घमेंड. वरवरची माती काढली, वाळू पसरली आणि ८ सेंटिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवले. दिवाळीत हिनं त्यावर रांगोळी काढली. आलेल्यांनी वाहवा केली.

पण खालची माती चिकण. पावसाचं पाणी तिथंच मुरून राहिलं, थंडीत गोठलं आणि ब्लॉक उचलले गेले. बर्फ वितळल्यावर काही खचले. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत एक कड बोटभर वर आली होती. "अहो, तेवढं बघा," ही दोनदा म्हणाली. मी "बघतो" म्हणालो. फेब्रुवारीत ठेच लागून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं.

ती रेहामध्ये असताना, जन्मभर फरसबंदी केलेल्या शेजाऱ्यांनी मला सगळं उकरायला लावलं. ४० सेंटिमीटर खोल. तळाशी खडी, प्रत्येक थर रुटेलप्लाटेनं दाबून. त्यावर ४ सेंटिमीटर बारीक खडी, इथे जिला श्प्लिट म्हणतात. मग ब्लॉक, मध्ये ३ ते ५ मिलिमीटरची फट. कडेला काँक्रीटमध्ये रोवलेले दगड. उतार घरापासून बाहेर, मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर. आता खाली पाणी थांबतच नाही, मग गोठणार काय?

ते यंत्र धडधडत असताना आजीचं अंगण आठवलं. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, सारवणं नंतर. आजी शाळेत गेली नव्हती, पण आधी काय आणि नंतर काय, हे तिला ठाऊक होतं.

ही आता रोलाटर घेऊन त्याच वाटेनं चालते. यंदा रांगोळी मी काढणार. ती खुर्चीत बसून ठिपके मोजणार आणि चुका काढणार.

तुम्हीही थंडी पडण्याआधी दारापुढे एक लांब फळी आडवी ठेवून पाहा. पावसानंतर पाणी कुठे साचतं तेही बघा. आणि घरातलं कुणी "तेवढं बघा" म्हणालं, तर त्याच दिवशी बघा.