अर्धवट पोचलेली फाइल

गाणी, छायाचित्रे आणि चित्रफिती इंटरनेटशिवाय एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पोचवणारी सेवा तयार झाली की तिची चाचणी आवृत्ती, म्हणजे दोष हुडकण्यासाठी मोजक्या लोकांपुरती काढलेली बीटा आवृत्ती, कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न बहुधा उरकून टाकला जातो. गूगलच्या प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप सर्वांना खुले करण्यापूर्वी किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस राखावे लागतात. ही संख्या सहकारी आणि मित्रांतूनच भरते, आणि त्यांचे फोन नवे व मोकळे असल्याने वेग तेवढा कळतो.

भिवंडीतील नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या दाट वस्तीत चाचणीचे स्वरूपच पालटते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कामगारांसाठी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येऊन डेटा स्वस्त होण्यापूर्वी, रिचार्जच्या दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून घेणे हीच माध्यमसेवा होती. पुढे ते काम शेअरइट आणि झेंडर या ॲपनी उचलले, आणि २९ जून २०२० रोजी भारतात बंदी आलेल्या ५९ ॲपमध्ये ती दोन्ही होती. अशा वापरातले फोन अनेकदा स्वस्त आणि काठोकाठ भरलेले असतात. दोन फोनांना राउटरवाचून थेट जोडणारी वाय-फाय डायरेक्टची जोडणी २.४ गिगाहर्ट्झवर असेल, तर त्याच पट्ट्यात ब्लूटूथची आणि शेजारच्या राउटरांचीही गर्दी असते. शिवाय फॅट३२ पद्धतीने मांडलेल्या कार्डावर ४ जीबीची फाइल मावतच नाही, मग कार्ड कितीही रिकामे असो.

म्हणून हस्तांतरण तुटणार हे गृहीत धरूनच सेवा घडवावी लागते. मागावर वेफ्ट फोर्क बसवलेला असेल, तर आडवा धागा तुटताच माग थांबतो आणि विणकर तिथूनच पुढे विणतो. फाइलचेही तसेच व्हावे. ती तुकड्यांनी जावी, तुटल्या जागेपासून पुन्हा सुरू व्हावी, आणि चेकसम, म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण, दोन्हीकडे जुळेपर्यंत गॅलरीत दिसू नये. वेगाची जाहिरात करून अर्धी चित्रफीत पूर्ण म्हणून दाखवणारी सेवा चाचणीबाहेर पडण्याच्या योग्यतेची नव्हे.

परवानगीचा अडसर वेगळाच. अँड्रॉइड ६ ते १२ या आवृत्त्यांवर जवळचा फोन शोधण्यासाठी बहुधा ठिकाणाची परवानगी मागावी लागते, आणि गाणे पाठवायला ठिकाण कशाला, हा वापरणाऱ्याचा संशय रास्तच असल्याने त्याचे उत्तर परवानगी मागण्याआधीच्या पडद्यावर, हिंदी, उर्दू, तेलुगू आणि मराठीत असावे. हाच संशय चाचणीत ठेवल्या जाणाऱ्या नोंदींबाबतही रास्त आहे. तुटलेल्या हस्तांतरणाच्या नोंदीत फोनचे मॉडेल, शिल्लक जागा, बॅटरी आणि कितव्या टक्क्याला तुटले एवढे पुरते; फाइलचे नाव किंवा कोणी कोणाला काय दिले, हे परीक्षकाने परवानगी दिली तरी नोंदवू नये.