देव बदलतो, नमस्कार तोच

दसऱ्याला आमच्या वर्कशॉपमधल्या लेथ मशीनला झेंडूचा हार पडतो. ग्रुपमधला स्वयंघोषित नास्तिकसुद्धा हळूच वाकतो (व्हायव्हा जवळ आलेली असते ना!). बाकीचे हसतात. मला नाही हसू येत. घरी तुळस आणि शाळेत सिस्टरांची प्रार्थना, दोन्हींत वाढल्यावर एवढं कळतं की माणसाला कुठेतरी हात जोडावेच लागतात. सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत बघा, मेणाचे हात, पाय, घरं वाहणारे काही फक्त ख्रिश्चन नसतात.

सिस्टर सांगायच्या, माणूस भक्ती करत नाही ही बायबलची तक्रारच नाही. भलत्याची करतो, ही आहे. मोशे सीनाय डोंगरावर 40 दिवस राहिला, तर खाली लोकांना धीर धरवेना. कानातलं सोनं काढून दिलं आणि वासरू घडवून घेतलं. देव दिसेना, मग दिसेल असा बनवला! संत पौलाला अथेन्समध्ये तर अनोळखी देवाचीही वेदी सापडली. त्याने आपलं बोलणं तिथूनच सुरू केलं.

आमचं वासरू म्हणजे पॅकेज. गेल्या वर्षी एका सीनिअरला कॅम्पसमध्ये कुणीच घेतलं नाही. तीन दिवस मेसमध्ये आला नाही, फोन बंद. 'अरे, नोकरीच तर आहे!' असं आम्ही म्हणत होतो. पण चार वर्षं झोप, सण, मैत्री, सगळं त्याने तिथेच वाहिलं होतं.

पुढच्या वर्षी माझी कॅम्पस. आई तुळशीला पाणी घालताना माझ्यासाठी मागते. मी अजून ठरवतेय, काय मागायचं आणि कोणाजवळ.