अदृश्य माणसाचे मनगट

विज्ञानकथेवरच्या चित्रपटांत आणि नाटकांत उडती तबकडी किंवा यंत्रमानव उभा करण्यापेक्षाही रिकाम्या हवेत उचलला जाणारा साधा पेला अधिक अवघड ठरतो, कारण तबकडी खरोखर कशी उडते हे कोणी पाहिलेले नसते, पेला हाताने कसा उचलतात हे मात्र प्रत्येक प्रेक्षकाला पाठ असते. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील कादंबरीवर १९३३ साली हॉलिवुडमध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ निघाला, तेव्हा जॉन फुल्टन यांनी नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्याच मखमलीसमोर उभे केले आणि ते चित्रण दुसऱ्या चित्रणाशी जुळवून घेतले. अदृश्य माणसाच्याच कल्पनेवर विजय भट्ट यांनी १९३७ मध्ये ‘ख्वाब की दुनिया’ काढला; त्यात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवल्या आणि ‘काला धागा’ हे नाव त्यांना कायमचे लाभले. पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त, पीटर परेरा यांच्या करामतींनी अदृश्य माणूस घराघरांत पोहोचवला.

अलिबाग-रेवदंड्याच्या किनारपट्टीवर हौशी नाटकांसाठी आणि गणेशोत्सवातल्या देखाव्यांसाठी हेच काम करणाऱ्या प्रस्तुत लेखकाचे बहुतेक आयुष्य दोरा लपवण्यात गेले. सुती दोऱ्याला बारीक लव असते आणि मागून प्रकाश पडला की ती लव उजळते. पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने दोरा फुगतो, म्हणून गणपतीच्या दिवसांत तर तो अधिकच उठून दिसतो. तंगूस, म्हणजे कोळी बांधव जाळ्यांसाठी वापरतात तो नायलॉनचा पारदर्शक धागा, ताकदीला उत्तम, पण दिव्याखाली काचेसारखा चमकतो. रेशमी दोरा काजळीने मळवून, दिवे बाजूने लावून आणि मागे गडद पडदा ठेवून हा प्रश्न सुटला, असे मानले जात होते.

दृष्टी मंदावल्यावर दोरे बांधायला कोळीवाड्यातली एक मुलगी येऊ लागली. गाठींचे ज्ञान तिला घरातूनच मिळालेले. पहिल्याच तालमीनंतर ती म्हणाली, “काका, दोरा कुठेच दिसत नाही, पण पेला टांगलेला आहे हे कळतंय.” तिचे निरीक्षण अचूक होते. टांगलेली वस्तू लंबकाप्रमाणे, म्हणजे वरच्या बिंदूभोवती, झोके घेते. दोरा एक मीटरचा असेल तर एक पूर्ण झोका सुमारे दोन सेकंदांचा, चार मीटरचा असेल तर चार सेकंदांचा. हातातला पेला मनगटाभोवती वळतो, आणि मनगट पेल्याच्या बाजूला, बहुधा किंचित खाली असते. दोरा डोळ्यांना फसवतो, पण फिरण्याचा मध्य छताकडे आहे की मनगटाशी, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेल्या अनुभवाला लगेच समजते.

दोन दोरे ‘व्ही’ आकारात बांधले तर एका दिशेचा झोका थांबतो, दुसरा उरतो. तिसरा दोरा टेबलाच्या भोकातून खाली ओढून धरला तर तोही आवरता येतो, पण मग तीन हात एका श्वासात चालावे लागतात. अलीकडच्या चित्रपटांत जाडजूड तारा बांधून त्या नंतर संगणकावर पुसतात. तार पुसली जाते, झोका तसाच राहतो, आणि अनेक मंडळांच्या देखाव्यांत मोटरला जोडलेल्या वस्तू पाळण्यासारख्या वरखाली होतात, याची चीड प्रस्तुत लेखकाला आजही येते. त्या चिडीत अभिमानही पुष्कळ आहे, हे मान्य करायला हवे: करामत कुणाला कळू नये म्हणून सारा आटापिटा करायचा आणि प्रयोग संपल्यावर ती कुणी केली हे विचारले जावे म्हणून विंगेत रेंगाळायचे, हा लोभ वयाने कमी झालेला नाही.

सध्या अडले आहे ते तांब्यावर. अदृश्य हाताने तांब्यातून पाणी ओतायचे, तर पाणी तोंडाकडे सरकते तसा तांब्याचा तोल पुढे जातो, तो हलका होत जातो, दोऱ्यांवरचा ताण क्षणाक्षणाला बदलतो आणि तांब्या उसळी मारतो. खरा हात ती उसळी नकळत जिरवतो. मुलीचे म्हणणे असे की मागचा दोरा विंगेत बांधून न ठेवता बोटांत धरावा आणि जाळे सोडताना देतात तशी त्याला ढील द्यावी. तिच्या हाताला ते निम्मे साधते. प्रस्तुत लेखकाच्या हाताला, कंप सुरू झाल्यापासून, मुळीच साधत नाही.